तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स: सायटेशनचा आकडा दर वर्षी का बिघडतो आणि तो कसा मार्गी लावायचा

परवा दुपारी रसायनशास्त्राच्या एक मॅडम ग्रंथालयात आल्या, हातात तीन प्रिंटआउट. गूगल स्कॉलरवर त्यांचा एच-इंडेक्स ११, वेब ऑफ सायन्सवर ५ आणि स्कोपसवर ३. एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या पेपरांचे दुसऱ्या लेखनात किती उल्लेख झाले, म्हणजे सायटेशन किती, त्यावरून काढलेला आकडा. आणि ही तिन्ही ते उल्लेख मोजणारी ठिकाणं. पदोन्नतीची फाइल दुसऱ्या दिवशी द्यायची होती. "सर, यातला खरा कुठला? मी कुठला लिहू?"

मी पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, आणि आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, तक्ते भरायचे दिवस असले की रोज येतो. गेल्या वर्षी ज्यांचं निस्तरून दिलं होतं त्यांतलेही काही जण यंदा तोच कागद घेऊन दारात उभे असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

उत्तर आधीच सांगतो. बहुतेक वेळा आकडा चुकलेला नसतो, त्याच्या खालची यादी चुकलेली असते. यंत्रणेला तुमच्या नावावर जे पेपर दिसतात त्यांचा हिशेब ती बरोबरच करते. पण तुमचे पेपर दुसऱ्याच कुठल्या नावावर पडले असतील, किंवा दुसऱ्याचे तुमच्यात मिसळले असतील, तर तो हिशेब कितीही चोख असला तरी तो तुमचा नव्हे. त्यामुळे आकडा बघून घाबरू नका, आधी यादी उघडा आणि एकेक पेपर वाचा. मॅडमच्या बाबतीत आम्ही तेच केलं, दीड तास लागला.

सुरुवातीला दोन मिनिटांची तपासणी

गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर उजव्या बाजूला छोटा तक्ता असतो. त्यात दोन रकाने असतात: एक आजवरच्या सगळ्या सायटेशनचा, दुसरा फक्त अलीकडच्या पाचेक वर्षांचा. घाईत दुसऱ्या रकान्यातला आकडा उतरवून घेतलेले किती तरी फॉर्म मी पाहिले आहेत. त्याच तक्त्यातला आय-टेन इंडेक्स म्हणजे किमान १० सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या. तो एच-इंडेक्स नव्हे. आणि इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी मिळणारी सायटेशन, हा जर्नलचा असतो, लेखकाचा नाही. "माझा इम्पॅक्ट फॅक्टर किती?" असं कुणी विचारलं की मी आधी त्यांना खुर्ची देतो आणि हा फरक समजावून सांगतो, कारण तो गोंधळ तसाच राहिला तर पुढचं सगळं चुकत जातं.

दुसरं, फॉर्मला नेमकं काय हवं आहे ते वाचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा जो तक्ता आहे, त्यात एच-इंडेक्सला गुणच नाहीत. तिथे पेपरागणिक गुण आहेत आणि जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे ते वाढतात. एच-इंडेक्स विचारतात ते संस्थेचे स्वतःचे नमुने, मुलाखतीच्या समित्या, प्रकल्पाचे अर्ज. रात्रभर ज्या आकड्यासाठी जीव खालीवर होतो, तो त्या फायलीत मागितलेलाच नाही, असंही बऱ्याचदा निघतं.

एकच माणूस, तीन प्रोफाइल

स्कोपसवर ३ हा आकडा आला कुठून? स्कोपस प्रत्येक लेखकाला एक क्रमांक देतं आणि नाव, संस्था, विषय, सहलेखक बघून कुठला पेपर कुठल्या क्रमांकाखाली टाकायचा ते संगणकच ठरवतो. वर्गणी नसली तरी स्कोपस प्रिव्ह्यूमध्ये लेखकाचा शोध मोफत घेता येतो. आम्ही मॅडमचं आडनाव टाकलं, मग माहेरचं आडनाव टाकलं, मग सहज म्हणून त्यांच्या यजमानांचं पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून पाहिलं. तिन्ही ठिकाणी त्या सापडल्या.

ही आपल्याकडची खास अडचण आहे, आणि बाहेर तयार झालेल्या मदतीच्या पानांवर ती कुठे सापडणार नाही. महाराष्ट्रात मार्कशीटपासून सेवापुस्तकापर्यंत नाव लिहायचं ते आडनाव आधी, मग स्वतःचं, शेवटी वडिलांचं किंवा नवऱ्याचं. जर्नलच्या संगणकाला मात्र शेवटचा शब्द म्हणजे आडनाव एवढंच कळतं. सवयीने कुणी नाव तसंच टाकलं की नवऱ्याचं नाव 'विजय' असेल तर बाई कायमच्या 'विजय' या आडनावाने छापल्या जातात. बायकांच्या बाबतीत लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, पण मधलं नावही बदलतं, म्हणजे आद्याक्षरंही जुळत नाहीत. पीएचडीचे चार-पाच उत्तम पेपर माहेरच्या नावावर आणि नोकरीतले सासरच्या, ही गोष्ट मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिली आहे की हल्ली मी विचारतोच, "मॅडम, लग्नाआधीचं नाव काय?"

त्यात स्पेलिंगची भर. दीक्षितमध्ये कुणी 'एक्स' लिहितं, कुणी 'के एस एच'. गायकवाड डी वर संपतो, आर वरही संपतो. आणि संस्थेच्या नावाचं काय? विद्यापीठ १९४९ मध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ पूना' म्हणून सुरू झालं, पुढे 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे' झालं आणि २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. ज्यांची कारकीर्द या सगळ्या काळात झाली त्यांच्या पेपरांवर तीन नावं आहेत, खेरीज कॉलेजचं नाव कधी आद्याक्षरांत, कधी पूर्ण. माणसाला हे सगळं एकच आहे हे लगेच समजतं, संगणकाला ते सांगावं लागतं.

मॅडमच्या तीन प्रोफाइलमधले आकडे इथे देतो, म्हणजे मुद्दा डोळ्यांसमोर येईल. एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि खाली मोजत यायचं. जिथपर्यंत पेपराचा क्रमांक त्याच्या सायटेशनइतका किंवा त्याहून कमी आहे, तिथपर्यंतचा शेवटचा क्रमांक म्हणजे एच.

सध्याच्या नावावर चार पेपर होते: ३१, ९, ५, ३ सायटेशन. तिसऱ्या पेपरला ५ आहेत, चालेल. चौथ्याला ३ च, थांबा. एच झाला ३.

माहेरच्या नावावर पाच: १८, १२, ७, १, ०. इथेही ३.

यजमानांचं नाव आडनाव म्हणून छापलेला एकच पेपर, ८ सायटेशनचा. एच १.

आता सगळे एकत्र लावा: ३१, १८, १२, ९, ८, ७, ५, ३, १, ०. सहाव्या पेपराला ७ आहेत, सातव्याला ५. म्हणजे एच ६. तीन, तीन आणि एक मिळून सात होत नाहीत हे लक्षात ठेवा. एच-इंडेक्सची बेरीज करता येत नाही, यादी एकत्र करून पुन्हा मोजावं लागतं. एका सरांनी आपल्या दोन प्रोफाइलचे एच सरळ मिळवून फॉर्मवर लिहिले होते, आणि छाननीत ते विचारलं गेलं. त्यांच्या मनात काही खोट नव्हती, पण बसल्या जागी त्यांना मान खाली घालावी लागली. आणखी एक पाहा: तो एकटा पडलेला ८ वाला पेपर वगळला तर मॅडमचा एच ५ च राहतो. एका चुकीच्या छापलेल्या नावामुळे एक अंक गेला होता.

दुरुस्ती अशी. स्कोपसवर मोफत खातं काढा आणि ऑथर फीडबॅक विझार्डमधून तिन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करण्याची विनंती द्या. त्यात तुमचं कुठलं नाव दाखवायचं ते निवडता येतं आणि प्रत्येक पेपरापुढे 'माझा' किंवा 'माझा नाही' असं सांगता येतं. संस्थेच्या ईमेलवरून विनंती केलेली बरी. लगेच बदल दिसत नाही, काही आठवडे धरून चला. हे काम फाइल द्यायच्या आदल्या दिवशी होत नाही, ते दिवाळीच्या सुट्टीत करून ठेवायचं असतं.

वेब ऑफ सायन्सवर स्वतःचं संशोधक-प्रोफाइल घेऊन आपले पेपर 'क्लेम' करायचे. तिथली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मित्रामित्रांत वाद झालेले पाहिले आहेत. वेब ऑफ सायन्सचे भाग आणि वर्षं वेगवेगळ्या संस्था वेगवेगळी विकत घेतात. त्यामुळे एकाच लेखकाचा आकडा एकाच दिवशी दोन संस्थांत बसून वेगळा दिसू शकतो. दोघंही खरं सांगत असतात. प्रिंट काढताना कुठल्या संस्थेच्या वर्गणीतून काढली ते कडेला लिहून ठेवा.

दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर

आता त्या ११ कडे वळू. गूगल स्कॉलरची यादी उघडली तर रसायनशास्त्राच्या मॅडमच्या नावावर पोल्ट्रीच्या खाद्यावरचे पेपर, एक दंतवैद्यकाचा आणि एक धरणाच्या गाळाचा! आडनाव आणि आद्याक्षरं सारखी असलेल्या तिघा-चौघांचं काम त्यांच्यात येऊन बसलं होतं. गूगल स्कॉलरवर प्रोफाइल सुरू करताना ते 'हे लेख तुमचे आहेत का' असं गठ्ठ्याने विचारतं आणि आपण घाईत सगळ्याला होकार देतो. त्यानंतर यादी आपोआप वाढत राहते.

उपाय सोपा आहे. नको असलेल्या लेखापुढे खूण करा आणि काढून टाका. काढलेले लेख कचरापेटीत जातात, चूक झाली तर तिथून परत आणता येतात. मॅडमचे चौदा लेख काढले आणि आकडा ११ वरून ८ वर आला. त्यांचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, हा ८ तुमचा आहे. याच्यातला एकेक पेपर तुम्ही समितीसमोर उघडून दाखवू शकता." दुसऱ्याचं काम आपल्या नावावर राहू देणं ही गंभीर बाब आहे, नकळत झालं असलं तरी. ज्या दिवशी कळेल त्या दिवशीच काढायचं.

याच यादीत एकच पेपर दोनदा किंवा तीनदा दिसतो तेव्हा काय करायचं? परिषदेतली आवृत्ती, जर्नलमधली आवृत्ती, कुणीतरी शीर्षक चुकीचं टाइप केल्यामुळे झालेली तिसरी. खरोखर एकच लेख असेल तर दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करा, विखुरलेली सायटेशन एकत्र येतात. मात्र शीर्षक सारखं वाटलं म्हणून वेगळे पेपर जोडू नका. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. एका सरांचे एकाच संयुगावरचे दोन सलग पेपर, भाग एक आणि भाग दोन, मी एकच समजून जोडून दिले. जोडलेल्या लेखाच्या सायटेशनपुढे चांदणी येते. समितीतल्या एका सदस्याने ती चांदणी बघून विचारणा केली आणि सरांना खुलासा लिहून द्यावा लागला. तेव्हापासून मी मर्ज करण्याआधी दोन्ही पीडीएफ उघडून पहिलं पान शेजारी शेजारी ठेवतो.

यादी साफ झाल्यावरही स्कॉलरवर ८ आणि स्कोपसवर ६ असा फरक राहिला. तो राहणारच. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट, अहवाल, विद्यापीठांच्या सर्व्हरवरच्या फायली, सगळ्यांतले उल्लेख धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स फक्त निवडलेल्या जर्नल, परिषदा आणि पुस्तकांतले धरतात. स्कॉलरची जाळी मोठी, म्हणून त्यात जास्त सापडतं आणि नको तेही सापडतं. स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे करून दाखवलं होतं. एका अस्तित्वातच नसलेल्या लेखकाच्या नावाने सहा बनावट लेख लिहून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवले आणि त्यांत ज्यांचा उल्लेख होता त्यांची सायटेशन वाढली. म्हणून समित्या स्कोपसचा आकडा मागतात, त्यात त्यांचं चुकत नाही. पण मानव्यविद्यांच्या माणसाला फक्त स्कोपसने मोजणं हेही चूकच, त्याबद्दल पुढे.

आकडा अचानक कमी झाला

"सर, मार्चमध्ये १४२ होते, आता १३६ दिसतात. माझी सायटेशन कुणी चोरली का?" असा फोन आला होता. चोरत कुणी नाही. गूगल स्कॉलर आज इंटरनेटवर जे उघडतं तेच मोजतं. ज्या जर्नलमध्ये तुमचा उल्लेख होता त्याचं संकेतस्थळ बंद पडलं, डोमेनचे पैसे भरायचे राहिले, की ते उल्लेख मोजणीतून गळतात. आपल्याकडे कॉलेजं परिषदेची प्रोसीडिंग्ज एखाद्या स्वस्त संकेतस्थळावर ठेवतात आणि दोन वर्षांनी विसरतात, तिथे हे फार होतं. यावर लेखकाच्या हातात उपाय नाही. कॉलेजच्या हातात आहे: प्रोसीडिंग्ज नीट कायमच्या ठिकाणी ठेवा आणि जमत असेल तर लेखांना डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, घ्या.

स्कोपसमध्ये कमी दिसत असतील तर कारण वेगळं असतं. कुणीतरी तुमचा पेपर संदर्भयादीत दिला आहे, पण वर्ष किंवा खंड चुकवला आहे, म्हणून दुवा जुळलेला नाही. अशा वेळी उल्लेख करणारा पेपर आणि तुमचा पेपर, दोन्हींचे डीओआय लिहून स्कोपसच्या मदतकेंद्राकडे पाठवा. संदर्भयादीच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. मी पाठवलेल्या अशा विनंत्यांना उत्तरं आली आहेत आणि दुवे जोडलेही गेले आहेत. वेब ऑफ सायन्सवरही दुरुस्ती सुचवायची सोय आहे.

निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांचा आणखी एक प्रश्न असतो: जुने पेपर कुठे गेले? स्कोपस २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा संदर्भांचा हिशेब १९९६ पासूनचा होता. पुढे तो १९७० पर्यंत मागे नेण्यात आला. त्याच्याही आधीचं हवं असेल तर वेब ऑफ सायन्सकडे जावं लागतं. त्याचं मूळ म्हणजे यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेला सायन्स सायटेशन इंडेक्स.

पुस्तकं आणि मराठीतलं लेखन

हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. विज्ञानाच्या लोकांचा प्रश्न बहुतेक वेळा दुरुस्तीने सुटतो. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, पुरातत्त्व यांतल्या लोकांचा सुटत नाही, कारण त्यांचं काम पुस्तकांत असतं आणि मराठीतही असतं. भाषा आणि जीवन किंवा समाज प्रबोधन पत्रिका यांसारख्या नियतकालिकांत तुमच्या लेखावर कुणी चार पानं चर्चा केली, तरी या यंत्रणांच्या मोजणीत ती जवळजवळ येत नाही. आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या एका सरांचा स्कोपसवर आकडा शून्य आहे. त्यांच्या पुस्तकाचा आधार घेतलेले प्रबंध मात्र माझ्याच कपाटात आहेत.

तिथे काय करता येतं ते सांगतो. वेब ऑफ सायन्समध्ये 'साइटेड रेफरन्स सर्च' नावाचा वेगळा शोध आहे. त्यात पुस्तक स्वतः त्या यादीत नसलं, तरी दुसऱ्यांच्या संदर्भयाद्यांत त्याचा उल्लेख कुठे कुठे आहे हे सापडतं. लेखकाच्या नावाची सगळी रूपं आणि पुस्तकाच्या शीर्षकाचे संक्षेप टाकून पाहावे लागतात. स्कोपसमध्येही अशा नोंदी लेखकाच्या यादीत 'सेकंडरी डॉक्युमेंट्स'खाली असतात. त्या एच-इंडेक्समध्ये धरल्या जात नाहीत, पण दाखवता येतात. डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांच्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथासारखं पुस्तक घेतलं, तर त्याचा प्रभाव अशा संदर्भयाद्या धुंडाळूनच कळतो. आवृत्त्या बदलतात, वर्षं बदलतात, आणि प्रत्येक आवृत्तीची नोंद वेगळी पडते.

मराठीतल्या उल्लेखांसाठी मी हाताने तक्ता करतो: उल्लेख करणाऱ्याचं नाव, लेख किंवा प्रबंध, वर्ष, पान, आणि नुसती तळटीप आहे की मुद्द्याची चर्चा आहे. प्रबंधांसाठी शोधगंगा हा पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा चाळतो. त्यासाठी विद्यार्थी मदतीला घेतो, त्यांचंही शिक्षण होतं. मराठीच्या सरांसाठी असा सव्वीस उल्लेखांचा तक्ता आम्ही फायलीला जोडला आणि समितीने तो वाचला. शून्याच्या शेजारी ती दोन पानं होती म्हणूनच त्यांच्या कामावर बोलणं झालं.

विषयांची तुलना करू नका, हेही इथेच सांगतो. २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या गुरुत्वीय लहरींच्या शोधनिबंधाला हजाराहून जास्त लेखक आहेत, त्यांत आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलेही आहेत. त्या पेपराचं प्रत्येक सायटेशन प्रत्येक लेखकाच्या खात्यात पूर्ण धरलं जातं. गणितातला माणूस एकट्याने किंवा दोघांत मिळून पेपर लिहितो आणि त्याचा उल्लेख व्हायलाही वर्षं लागतात. या दोघांचे एच-इंडेक्स एका तक्त्यात एकाखाली एक लिहून क्रम लावणं हा अन्याय आहे. प्राचार्यांना मी हे दर वर्षी सांगतो.

दुरुस्त केलेलं परत का बिघडतं

तीन कारणं सापडली आहेत. पहिलं, गूगल स्कॉलरची आपोआप भर घालण्याची सेटिंग चालूच राहते. प्रोफाइलमधल्या अधिकच्या (+) खुणेवर जाऊन लेखांच्या अद्ययावतीकरणाची सेटिंग उघडा आणि 'आधी ईमेल करून विचारा' हा पर्याय निवडा. एवढं केलं तरी निम्मा त्रास संपतो.

दुसरं, पुढचा पेपर पुन्हा वेगळ्या नावाने जातो, कारण तो पाठवतो सहलेखक किंवा संशोधक विद्यार्थी, आणि तो आपल्या मनाने नाव लिहितो. मॅडमचा 'विजय' आडनावाचा पेपर असाच त्यांच्या विद्यार्थ्याने भरला होता. यावर ऑर्किड हा उपाय आहे. २०१२ पासून सुरू असलेला, संशोधकाला मोफत मिळणारा १६ अंकी ओळखक्रमांक. शेवटच्या जागी कधी कधी एक्स असतो, ती चूक नव्हे. नाव कसंही छापलं गेलं तरी क्रमांक तोच राहतो. पण क्रमांक नुसता काढून ठेवून काही होत नाही. तो पेपर पाठवताना भरावा लागतो, आणि ऑर्किडमधून स्कोपसचं प्रोफाइल जोडून घ्यावं लागतं. ऑर्किडमध्ये 'इतर नावं' असा रकाना आहे, तिथे माहेरचं नाव आणि सगळी स्पेलिंग टाका. मी आता पीएचडीला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात बसवून क्रमांक काढून देतो आणि नावाचं एकच रूप वहीत लिहून द्यायला सांगतो. आडनाव शेवटी.

तिसरं कारण म्हणजे गोंधळ झाला की लोक दुरुस्ती करायच्या ऐवजी नवीन प्रोफाइल काढतात. दोन ऑर्किड, दोन स्कॉलर प्रोफाइल. नवीन काढू नका. जुन्याचा पासवर्ड गेला असेल तर तो परत मिळवा. ऑर्किड दोन झाले असतील तर एक दुसऱ्यात विलीन करता येतो. विद्वान किंवा आयरिन्स या संशोधकांची माहिती देणाऱ्या आपल्याकडच्या संकेतस्थळांवरचं तुमचं पान बरीचशी माहिती या मूळ ठिकाणांहून उचलतं, त्यामुळे तिथे चूक दिसली तर आधी मूळ दुरुस्त करा.

आणि ज्यांना व्हॉट्सॲपवर "तीन महिन्यांत एच-इंडेक्स वाढवून देतो, पेपरामागे इतके रुपये" असे निरोप येतात, त्यांना कळकळीने सांगतो, तो नंबर ब्लॉक करा. ती सायटेशन ज्या जर्नलांत पेरली जातात, ती जर्नलं स्कोपस, वेब ऑफ सायन्सच्या यादीतून बाहेर काढली जातात, आणि पेपर मागे घेतले गेले की त्यात तुमचं नाव उघड दिसतं. वीस वर्षांची प्रामाणिक मेहनत त्या एका व्यवहाराने संशयात येते.

फॉर्मवर काय लिहायचं

मॅडमच्या फाइलसाठी आम्ही जे लिहिलं ते तसंच देतो, वापरून बघा: "स्कोपस, लेखक क्रमांक अमुक, तमुक आणि अमुक (एकाच व्यक्तीचे, विलीनीकरणाची विनंती दिलेली), एकूण १० पेपर, ९४ सायटेशन, एकत्रित यादीवरून एच-इंडेक्स ६, पाहिल्याची तारीख अमुक. गूगल स्कॉलर, एच-इंडेक्स ८, त्याच तारखेला." स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वगळून आकडा काढायची सोय स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये आहे. कुणी मागण्याआधीच तोही लिहिलेला चांगला. शेवटी दहा पेपरांची यादी जोडली, प्रत्येकापुढे डीओआय आणि ज्या नावाने छापला ते नाव.

विलीनीकरण व्हायला वेळ लागणार होता, म्हणून विनंती मिळाल्याचं स्कोपसचं ईमेल तक्रार क्रमांकासह छापून यादीच्या मागे टाचलं. विवाहाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, यांची एकेक प्रत त्याच्या मागे.